नेचे सावलीले

चंद्रपुरात मे महिन्यात झाड जगवणं म्हणजे तव्यावर लोण्याचा गोळा सांभाळणं. अयूबभाईंनी ते सव्वीस वर्षं केलं. मूल रोडच्या कडेला त्यांची नर्सरी होती. गिऱ्हाईक आलं की पहिलं विचारायचं, हे झाड टिकेल का? अयूबभाई उलट विचारायचे, तुमच्या अंगणात ऊन किती वाजेपर्यंत असतं? याचं उत्तर कोणाकडेच नसायचं. माणसं पंधरा-पंधरा वर्षं त्या घरात राहिलेली, पण दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं हे कोणी पाहिलेलं नाही. मग ते समजावत बसायचे. उन्हात कर्दळ लावा, गुलबक्षी लावा, सदाफुली लावा. एकदा रुजली की वर्षानुवर्षं हटायची नाहीत. नेचे, म्हणजे तुमचे फर्न, ते मात्र भिंतीच्या आड, ओल असेल तिथे.

खाणीच्या कॉलनीतल्या एका बाईंनी हिरवागार नेचा नेमका पश्चिमेच्या ओट्यावर ठेवला आणि आठ दिवसांत त्याची चहापत्ती करून परत आणून दाखवला. अयूबभाईंनी पुन्हा सगळं समजावून दुसरा दिला. बाईंनी तोही ओट्यावरच ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

सांगून सांगून त्यांचा जीव विटला होता. गुडघेही गेले होते. पण त्यांना बांधून ठेवलं होतं ते विकायच्या झाडांनी नव्हे. मागच्या, बांबूच्या ताट्यांच्या मांडवात अठरा कुंड्या होत्या. या मूळच्या नेच्यांमधूनच बाकीची रोपं फोडून काढायची. त्यात अहेरीकडच्या एका नाल्याच्या काठावरून तरुणपणी आणलेला हंसराजही होता. उन्हाळ्यात या कुंड्यांवर दिवसातून तीनदा पाणी शिंपडावं लागे आणि ते काम त्यांनी कधी कोणाच्या हाती दिलं नाही. मुलगा नबील म्हणायचा, मी शिंपडतो. यांना भरवसा नाही.

त्यापायी हा माणूस कधी गावाबाहेर मुक्कामाला राहिला नाही. त्यांची थोरली बहीण आबिदा सावलीला राहायची. सावली हे तालुक्याचं गाव, साठेक किलोमीटरवर. मेहुणे वारले तेव्हासुद्धा अयूबभाई माती देऊन संध्याकाळच्या एसटीने परत निघाले. आपा एवढंच म्हणाली, "आजची रात त राह्य." झाडं सुकतील, असं सांगून ते गाडीत बसले. त्याला सात वर्षं झाली, पण आपलं ते उत्तर त्यांना अजून बोचत होतं.

दोन हजार एकच्या मे महिन्यात मालकाने गाळे काढायला जागा परत मागितली. अयूबभाईंना रागही आला नाही, इतके ते थकले होते. त्यांनी वारलूचा टेम्पो ठरवला. उन्हाची झाडं नबीलच्या गच्चीवर आणि नेचे त्याच्याच जिन्याखाली, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मनाशीच. पहिली खेप गच्चीवर गेली. दुसरी, नेच्यांची, भरून झाल्यावर वारलूने विचारलं, हे कुठी?

"हे सावलीले ने," अयूबभाई मान वर न करता म्हणाले. "उन्हात ठेवजो नको."

वारलू जरा घुटमळला. "सावलीले? आजच?"

"आज नाई त काय, मी मेल्यावर?"

ध चा मा करायलाही एक अक्षर बदलावं लागतं. इथे तेवढंही लागलं नाही. भाईंची बहीण सावलीला असते हे वारलूला ठाऊक होतं. दोनदा त्यानेच तिला स्टँडवर सोडलं होतं. त्या बिचाऱ्याने सरळ डिझेल भरलं आणि मूलचा रस्ता धरला.

संध्याकाळी तो रिकामा टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, आपा बऱ्या आहेत, चहा पाजला त्यांनी. अयूबभाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते रिकाम्या मांडवात खालीच बसले. सत्तेचाळीस डिग्रीचं ऊन, उघडा टेम्पो, दीड-दोन तास. वारलूला शिव्या घालाव्यात तर बोललो आपणच. सव्वीस वर्षं जगाला ऊन-सावली समजावली आणि स्वतःच्या वेळी 'जिन्याखाली' हा एक शब्द जास्त बोलायचा कंटाळा केला. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

सकाळच्या पहिल्या एसटीने ते निघाले. कोणकोणता गेला असेल, हेच रस्ताभर मनात. हंसराज तर गेलाच, केसासारखी देठं त्याची.

आपाच्या घरामागे विहीर होती आणि विहिरीशी मोठं जांभूळ. कुंड्या जांभळाच्या बुडाशी, नहाणीच्या भिंतीला लागून मांडलेल्या होत्या, वरून ओली पोती. अयूबभाईंनी एकेक पोतं उचललं. पाच कुंड्या करपल्या होत्या. हंसराजाचं एकही पान उरलं नव्हतं, पण मुळाशी तीन कोंब होते, गुंडाळलेले, हिरवे. त्यांनी सवयीने वर पाहिलं. सकाळचं ऊन भिंतीपलीकडे थांबत होतं आणि दुपारचं जांभळात अडकणार होतं. इतकी नेमकी जागा त्यांनी स्वतः आजवर कोणाला निवडून दिली नव्हती.

"आपा, ही जागा तुले कोनं सांगितली?"

"सांगनार कोन? दुपारभर मीच इथी बसते. मले थंडं लागते त या झाडायले बी लागन."

अयूबभाईंचे डोळे भरून आले. ते दिवसभर तिथेच बसून राहिले. करपलेली पानं खुडली, आपाच्या हातची भाकर खाल्ली, बोलले थोडंच. पाचच्या एसटीची वेळ झाली तसे ते सवयीने उठले आणि पिशवी घेतली.

आपा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"झाडं त इथी हायेत," ती म्हणाली. "आता कोनाले पानी शिंपडाले चालला?"

अयूबभाईंनी पिशवी खुंटीला अडकवली आणि बादली घेऊन विहिरीवर गेले.