पडद्यामागची जाळी

आमच्या गावात, कोल्हारपासून थोडं आत, प्रवरेच्या काठाला, बायकांची एक इमारत आहे. म्हणजे बचत गटाची. पण सगळे ‘बायकांची इमारत’च म्हणतात, आणि आम्हाला ते गोड लागतं.

ही इमारत कशी आली ते आधी सांगते. पुण्यात एक संस्था आहे. तिचं काम काय, तर आजकालचे तरुण वास्तुकार नवं काही बांधू पाहतात त्यांना हात द्यायचा, आणि त्यांचं काम लोकांपुढे आणायचं. मला आधी पटेना. म्हटलं, अनाथ लेकरांसाठी संस्था असते, गाईंसाठी असते, भिंतींसाठी कशी असेल? पण असते. त्या संस्थेनं एक मुलगी आमच्याकडे पाठवली. आम्ही तिला इंजिनीयर बाई म्हणायचो, ती म्हणायची, “आजी, मी आर्किटेक्ट.” मग आम्ही आर्किटेक्ट बाई म्हणायला लागलो. संस्थेनं सोबतीही जमवले होते. नागापूरच्या एका कारखानदारानं छपराच्या लोखंडी कैच्या करून दिल्या, वीटभट्टीवाल्यानं विटा दिल्या, ग्रामपंचायतीनं जागा दिली. आणि आम्ही? आम्ही पाणी मारलं भिंतींवर, सकाळ-संध्याकाळ, हंडे भरभरून.

इमारतीला गिलावा नाही. तांबड्या विटा तशाच उघड्या, आणि नदीच्या अंगाला विटा सोडून सोडून केलेली जाळी. येणारा-जाणारा विचारायचा, “काम अर्धवट का सोडलं वो?” पण उन्हाळ्यात त्या जाळीतून जो वारा येतो ना, तो खाऊन बघावा. पंखा लावायची गरजच नाही. आम्ही तिथे शेवया करतो, पापड लाटतो, कुरडया घालतो. पूर्वी देवळाच्या सभामंडपात करायचो आणि कुणाचं लग्न निघालं की ओल्या कुरडया उचलून पळायचो.

फक्त एक अडचण राहिली होती. वाळवायला जागा नव्हती. वाळवण रस्त्याच्या कडेला घालावं लागे आणि उसाचे ट्रॅक्टर धुरळा उडवत जात. दाताखाली कचकच आली की व्यापारी माल परत करायचा. म्हणून दुसरा भाग हवा होता. तो नकाशात होता म्हणे, पण संस्थेची माणसं पहिला भाग बघायला येणार, त्यांना पसंत पडला तरच पुढचं काम. आमचा सगळा जीव त्या भेटीत अडकलेला.

आर्किटेक्ट बाईचा फोन आला. “आजी, मंगळवारी येतोय. काही विशेष करू नका हं. जसं आहे तसंच राहू द्या.”

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे पाहुणा ‘काही करू नका’ म्हणतो म्हणजे काय? आणि पाहुण्यानं असं म्हटल्यावर जो खरंच काही करत नाही, त्याला गाव काय म्हणतं? आम्ही तिचा चांगुलपणा समजलो आणि कामाला लागलो.

शेवयांचं मशीन, बाजा, पातेली, सोरे, पिठाचे डबे, झोळीचा पाळणा, सगळं उचलून माझ्या धाकट्या जावेच्या अंगणात नेऊन टाकलं. इमारत धुतली. सरपंचांनी मंडपवाल्या चाचांना बोलावलं. चाचांनी विटांकडे बघून मान हलवली. “अक्का, बाहेरची माणसं येणार आणि भिंत अशी उघडी? मी झाकून टाकतो.” आणि खरंच झाकली! आतून चारी बाजूंनी गुलाबी-पांढरा पडदा, खाली गालिचा, वर झालर. जाळीवर तर दुप्पट चुण्या. दारावर सरपंचांच्या फोटोचा फ्लेक्स. मी दारात उभी राहून बघितलं आणि मला इतका आनंद झाला! लग्नघर वाटत होतं.

जाऊ मात्र आली नाही. तिचा गहू भिजलेला होता, चीक काढायचा दिवस तोच. “पाहुणे येऊ देत नाहीतर मंत्री,” ती म्हणाली, “चीक आंबला तर कोन खानार हाय?” आणि निम्म्या बाया तिच्या अंगणात चुलीवर चीक हाटायला बसल्या.

पाहुणे आले. संस्थेच्या एक वयस्क बाई, केस पांढरे, सुती साडी, हातात पेन. नागापूरचे कारखानदार. आणि आमची आर्किटेक्ट बाई. तिनं दारातून आत बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला, जसं कुणी तिच्या लेकराला ओळखू न येणारं सोंग चढवलंय.

फेटे झाले, शाल-नारळ झाले, सरपंचांचं भाषण सुरू झालं. आत हवा नावाला नाही. कारखानदार नारळानंच वारा घेतात की काय असं वाटलं मला. त्या पांढऱ्या केसांच्या बाई हळूच उठल्या, पडद्याचं टोक उचललं, मागे बोटं फिरवून वीट चाचपली. मग वळून विचारलं, “इथे रोज काय चालतं?”

सरपंच छाती काढून म्हणाले, “काळजीच नको मॅडम. एकदम स्वच्छ ठेवलंय. कुणाला पाऊलसुद्धा टाकू देत न्हाई!”

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

ते टोपण लागल्याचा टक आवाज मला आजही ऐकू येतो. माझ्या ध्यानात आलं, गेलं! दुसरा भाग गेला. ही बाई रिकामी इमारत बघायला आलीच नव्हती. जी वापरात आहे ती बघायला आली होती, आणि आम्ही सगळा वापर उचलून जावेच्या अंगणात लपवला होता.

मी उठले. पदर कमरेला खोचला. “सरपंच, तू बस बरं जरा.” मी त्याला बाळंतविड्यापासून ओळखते, त्यामुळे तो बसला. “चाचा, पडदा काढा. सगळा.”

“अक्का, आत्ताच तर…”

“काढा म्हणते ना!”

मग दारात जाऊन मी जी हाक मारली ती नदीपलीकडे गेली असेल. “अगं ए, चीक झाला का?”

“झाला की! का वो बाई?”

“पातेल्यासकट इकडं आन! सगळ्याजणी या!”

आणि काय सांगू, काय ती मिरवणूक! पुढे जाऊ आणि तिची सून, दोघींमध्ये वाफाळतं पातेलं. मागे डोक्यावर बाजा घेतलेल्या बाया, कुणाच्या हातात सोऱ्या, कुणी शेवयांचं मशीन छातीशी धरलेलं. पाळणा आला, डबे आले. तेवढ्यात चाचांनी वरची झालर उतरवली, जाळीवरचा पडदा ओढला आणि नदीचा वारा भसकन आत आला. कारखानदार उठून उभेच राहिले. “अरे वा! याच का माझ्या कैच्या?” वर बघत म्हणाले. तोवर झालरीनं त्याही झाकल्या होत्या!

आर्किटेक्ट बाई हसत होती की रडत होती, कळेना. पदर नव्हता, म्हणून तिनं ओढणीच खोचली आणि बाज टेकवायला धावली.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी सोऱ्या मागितला. पहिली कुरडई अशी वाकडी पडली की जाऊ म्हणाली, “आवो मॅडम, ही कुरडई हाय का आमच्या गावचा रस्ता?” सगळ्या खो खो हसल्या, त्या बाई सगळ्यांत जास्त. मग गरम चीक, त्यावर तूप-गूळ, वाटीभर खाल्ला त्यांनी, गालिच्यावर मांडी घालून. आणि पेनाचं टोपण काढलं.

“दुसऱ्या भागाचा नकाशा दाखवा.”

आर्किटेक्ट बाईनं बाजेवर कागद पसरला. त्यात एक हॉल, एक स्टेज, वाळवणाला जागा कुठेच नाही. जाऊ वाकून बघत म्हणाली, “स्टेज कशाला? कोन नाचनार हाय?” सगळ्यांनी सरपंचांकडे बघितलं. ते खालच्या गालिच्याची नक्षी बघायला लागले.

“आम्ही या कामाला मदत करणार,” त्या बाई म्हणाल्या, “पण या नकाशाला नाही.” मी पुढे सरकले. “आज ह्यांनी डोक्यावर जे जे वाहून आणलं, त्याला जागा करा. नवा नकाशा काढा आणि काम सुरू करा.”

मग जो गलका झाला! एक म्हणे नळ इथे हवा, दुसरी म्हणे छप्पर उंच हवं पण धुरळा अडला पाहिजे, रस्त्याकडची भिंत बंद आणि नदीकडची उघडी. आर्किटेक्ट बाई मांडी घालून लिहून घेत होती, आणि मी मध्येच म्हणत होते, “अंगणातला लिंब तोडायचा नाही बरं का, लिंब तोडायचा नाही!”

त्या गडबडीत ओल्या कुरडया घालायला जागा कुठे? चाचांनी पडदा पुढे केला. “रंग लागंल ना चाचा!” मग कुणीतरी दारावरचा फ्लेक्स काढला, उलटा केला. मागून स्वच्छ पांढरा. त्यावर ओळीनं कुरडया पडल्या.

सरपंच म्हणाले, “अक्का, माझा फोटो खाली गेला.”

म्हटलं, “गाव तुझ्या डोक्यावर वाळवण घालतंय. याहून मोठा सत्कार कुठला रे?”

आणि तो हसला, खरंच हसला.

आज सकाळी लिंब वगळून दुसऱ्या भागाच्या पायासाठी फक्कीची रेघ मारलीये. वाळवणाच्या पडवीचे खांब नागापूरहून निघालेत म्हणून फोन आला होता. हे लिहिताना कान रस्त्याकडेच आहेत… थांबा, टेम्पोचा हॉर्न वाजला. जाऊ ओरडतेय. मी चालले.