दगूबाईचा बत्तिसा

तापीकाठच्या त्या गुजर गल्लीत दगूबाईच्या दारातून कोणी रिकाम्या तोंडाने परत गेलाच, तर तो त्याच्या चपळाईमुळे. हिवाळा लागला की ती नंदुरबारच्या बाजारातून सुंठ, पिंपळी, गंठोडा, डिंक आणि आणखी कायकाय आणवून बत्तिसा कुटायची. बत्तीस जिनसांचं चूर्ण, तूप-गुळात वळलेलं. मूळचं ते बाळंतिणीचं खाणं. पण दगूबाईने ते सर्दीवर दिलं, गुडघ्यांवर दिलं, आणि एकदा नव्या तलाठ्याला, तो अजून बिनलग्नाचा आहे एवढ्याच कारणावरून दिलं. झाडपाला कोणाला बाधत नाही, हे तिचं मत होतं, आणि गल्लीत तिच्या मताला अपील नव्हतं.

राज्य तेव्हा अजून मुंबईचं होतं, अर्धं गुजराती, अर्धं मराठी. दगूबाईच्या चुलीवर ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती, आणि तिथे त्यावरून कधी मोर्चा निघाला नव्हता.

त्या वर्षी तिच्या छगनच्या बायकोला, मंगलाला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. म्हणजे सातव्यानंतर मंगला विहिणीकडे जाणार, आणि बाळंत झाल्यावर बत्तिसा खाणार तो रुक्मिणीबाईच्या हातचा. दगूबाईला नातवाची घाई होती, पण हे दुःख त्याहून मोठं होतं. रुक्मिणीबाई सुंठीच्या बाबतीत हात आखडते, हे तिने लग्नातच चाखून ठेवलं होतं. तेव्हा बाळंतपणानंतर चांगलं ते आधी वाईट कसं असेल, असा विचार करून तिने सुनेला रोज न्याहारीला एक लाडू द्यायला सुरुवात केली. सून माहेरी पोचेपर्यंत अंगात आपलाच बत्तिसा भरलेला असावा, एवढीच अपेक्षा. मंगला गरीब स्वभावाची, खात राहिली.

पंधरवड्याच्या आत तिच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि अंगावरून जायला लागलं. छगनने गाडी जुंपली. नंदुरबारला पोचेपर्यंत दगूबाईने वाटेतल्या सगळ्या देवांना नवस बोलून घेतले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मंगलाला तपासलं आणि विचारलं, "घरचं काही औषध, काढा, चूर्ण घेतलं?"

मंगलाने सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "काहीच नई."

आयुष्यभर दगूबाईने लोकांना काय काय खिलवलं ते मोठ्याने सांगितलं होतं. आज पहिल्यांदा ते सांगायला तोंड उघडेना. पण पोरगी तिची अब्रू राखायला खोटं बोलत होती, आणि त्या खोट्याची किंमत पोटातलं पोर मोजणार होतं.

"खोटं बोली ऱ्हायनी ती," दगूबाई म्हणाली. "मीच दिधा. रोज एक लाडू." आणि तिने एकेक जिन्नस सांगायला घेतली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, कळा कशाने आल्या ते कोण छातीठोक सांगणार, पण यातल्या काही जिनसा गर्भाला सोसत नाहीत. पोटुशी बाई, तान्हं मूल, आणि ज्याला आमचं औषध चालू आहे असा माणूस, यांना झाडपाला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. मंगलाने पडून राहायचं. माहेरचा प्रवास बंद.

अशा रीतीने बाळंतपण दगूबाईच्याच घरी झालं, तिला हवं होतं तसं, फक्त तिला आता ते तसं नको होतं. मुलगी झाली, ठणठणीत. रुक्मिणीबाई डबा घेऊन आली आणि लेकीच्या तोंडाशी लाडू नेणार, तोच दगूबाईने तिचा हात धरला.

"थांब येहीण. आधी डॉक्टरीणबाईले इचारू."

रुक्मिणीबाईला हा अपमान वाटला, आणि दोन दिवस तिने विहिणीशी संभाषण छगनमार्फत केलं. मग नंदुरबारहून निरोप आला की आता थोडं थोडं चालेल. तेव्हा तो परका लाडू दगूबाईने स्वतः फोडून सुनेला भरवला. सुंठ कमी आहे, हे ती कोणाला बोलली नाही. निदान विहीण गावी परत जाईपर्यंत तरी.