थंकमताईंचा हात

सोसायटीच्या सभेत विरोधात पहिला हात वर गेला तो थंकमताईंचा. मी त्या हाताकडे बघतच राहिले.

तिसऱ्या मजल्यावरची जागा नागालँडहून आलेल्या दोन नर्सना भाड्याने द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. शहराबाहेरची आमची ही वसाहत आता पार बदलली आहे. बैठ्या घरांच्या जागी इमारती आल्या, दारोदारी मोठ्या गाड्या आल्या, जिन्यात चार-चार भाषा ऐकू येतात. पण थंकमताई केरळहून आल्या तेव्हा इथे आम्ही सगळे मराठीच होतो. मासळीच्या वासावरून त्यांना घालवायला निघालेल्या शेजाऱ्यांशी माझे यजमान भांडले होते. पुढे थंकमताईंची मुलं मराठी शिकली ती माझ्या स्वयंपाकघरात.

सभेनंतर जिन्यात मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही का हात वर केलात?"

"अगं, त्या मुली आपल्यासारख्या नाहीत," त्या सहज म्हणाल्या.

त्यांच्या तोंडी 'आपल्या' हा शब्द यावा म्हणून आम्ही किती धडपडलो होतो. तो आला, पण दुसऱ्या कुणाला बाहेर ठेवण्यासाठी आला.

त्या मुलींना जागा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी थंकमताईंनी नेहमीसारखे डबाभर अप्पम पाठवले. संध्याकाळी मी डबा घासला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रिकामा परत नेऊन दिला. हातात घेताच त्यांना तो हलका लागला असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरी आले आणि दार लावून घेतलं.