मेनफोल्डचा तडा

बाबा गेले त्यानंतर चार महिन्यांनी त्यांची जुनी पेट्रोल गाडी बंद पडली. इंजिन सुरू व्हायचं, पण फुसफुसत, आणि कार्बोरेटरमधून फटाके वाजायचे. अमरावतीतल्या दोन मिस्त्र्यांनी कार्बोरेटर साफ करून दिला. मी दोघांचे पैसे चुकते केले. बिघाड कुठे आहे ते मला बावीस वर्षांपासून ठाऊक होतं.

कार्बोरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा बिडाचा फाटेदार नळ असतो, त्याला मिस्त्री लोक मेनफोल्ड म्हणतात. त्याला तडा होता. तो मी पाडला होता.

तेव्हा मी तिशीत होतो. आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने मेनफोल्डचं पॅकिंग बदललं आणि सांगून गेला, दोन दिवस चालवा, पॅकिंग बसलं की मी येऊन नट पुन्हा कसून देतो. मला धीर कुठला? दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्याला, शेंदूरजनाघाटला जायचं होतं, आणि मी नुकताच पान्यांचा नवा संच आणला होता. पान्याला पाईप लावून टोकाचा नट आवळला. टक असा आवाज आला. चिरेत रंगारी वापरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वरून चंदेरी रंग मारला, हात धुतले.

मोर्शीच्या पुढे गाडी थांबली. साक्षगंध आमच्याविना झालं. परतल्यावर बाबांनी मिस्त्रीला अंगणात बोलावून साक्षगंधाहून परतताना आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांसमोर सुनावलं, की तुझा हात बसलेला नाही, उगाच गाड्यांना हात लावत जाऊ नकोस. बोनेटसुद्धा उघडू दिलं नाही. मी तेव्हा पाहुण्यांना चहा देत होतो. नंतर मीच पुन्हा लांबी भरली आणि गाडी गावातल्या गावात कशीबशी चालत राहिली. मिस्त्रीची गिऱ्हाइकं तुटली. तो अकोल्याला भावाच्या गॅरेजमध्ये गेला, एवढं कानावर आलं.

आता बिडावर पितळ भरणारा माणूस शोधायला लागलो, तर जो तो अकोल्याचं एकच गॅरेज सांगे. ते त्याचंच निघालं. मेनफोल्ड खोलून पिशवीत घातला आणि एसटीने गेलो. कबूल करतो, माफी मागायला गेलो नव्हतो. मला नळ दुरुस्त करून हवा होता.

त्याने ओळखलं, बसायला स्टूल दिलं, बाबांचं विचारलं. मग स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला. आतली लांबी निघाली.

"हे कोनं भरलं?"

मी म्हणालो, "मी." आणि मग साक्षगंधाच्या आदल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं.

त्याने चिरेवर नख फिरवलं. म्हणाला, "मले वाटे, मीच नट ढिले सोडले. तवापासून कसायचं काम मी करतच नाही. भाऊच करते."

मी माफी मागितली.

"ते मले एकट्याले काहून सांगून राहिले, भाऊ? तवा तं अंगन भरलं होतं."

चीर पुढे सरकू नये म्हणून त्याने तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, नळ गॅसवर लाल होईतो तापवला, पितळेची काडी वितळवून भरली आणि राखेत पुरून ठेवला. आम्ही तो निवण्याची वाट पाहत बसलो. घरी आणल्यावर तो तसाच पिशवीत राहिला.

बाबांच्या वर्षश्राद्धाला त्या दिवशीच्या पाहुण्यांपैकी जे हयात आहेत ते आले. पानं वाढायच्या आधी मी उभा राहून सांगितलं, की तडा मी पाडला होता. आत्या म्हणाली, बापाच्या वर्षश्राद्धाले बापाले खोटं पाडतं का रे? काकांनी माझ्याकडून मिस्त्रीचा नंबर घेतला, सगळ्यांसमोर फोन लावला.

"मिस्त्री, चूक आमच्या घरची होती."

पलीकडून आवाज आला, "जेवून राहिलो, काकाजी. मंग करतो."

संध्याकाळी फोन आला, माझ्या नावाने. रविवारी येतो म्हणाला. "तवरोक तुमी पान्याले हात लावू नका."

रविवारी दोघे भाऊ आले. मेनफोल्ड बसवला आणि मधले नट मिस्त्रीने स्वतः कसले, हलक्या हाताने, आळीपाळीने. टोकाच्या नटाशी येऊन थांबला आणि पाना भावाच्या हातात दिला.