हनिमूनला पालक पाहिजे

माझ्या एकुलत्या एका मुलाच्या हनिमूनला मी त्याच्याबरोबर गेलो होतो, आणि तेही एकाच खोलीत.

लोक हसतात. हसू द्या. ह्यात माझी काही चूक नाही. सगळी चूक धुळ्याच्या वसंतरावांची आहे. वसंतराव म्हणजे माझे साडू, आमच्या हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. वडिलोपार्जित तेलगिरणी, वडिलोपार्जित बंगला आणि वडिलोपार्जित पोट! मी जळगाव स्टेशनबाहेर हातगाडीवर केळी विकत विकत केळीचे ट्रक दिल्लीला पाठवण्यापर्यंत आलो, तेही कुणाच्या बापाच्या जोरावर नाही. पण सासऱ्यांनी लग्नात घड्याळ दिलं ते वसंतरावांना. मला काय? टॉवेल-टोपी! (टोपीही घट्ट होती.)

तेव्हापासून आमची स्पर्धा सुरू आहे. वसंतरावांना ती सुरू असल्याचं माहीत नाही, हा भाग वेगळा. त्यांनी फ्रिज घेतला, की मी त्याहून मोठा घेतला. तो स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून ओसरीवर ठेवला. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो तरी! त्यांचा प्रमोद बी.कॉम.च्या प्रत्येक वर्गात मुक्काम करत करत सत्तावीस वर्षांचा झाला, तेव्हा मी ठरवलं की लग्नात तरी आपण पुढे जायचं. माझा रवी बावीसचा होताच. फैजपूरची सुषमा पाहिली, वीस वर्षांची, हुशार, घरचे केळीचे मळे. तीन आठवड्यांत बार उडवून टाकला. प्रमोदचा साखरपुडासुद्धा व्हायचा होता. मांडवात वसंतरावांना अक्षता टाकताना पाहून मला जो आनंद झाला, तो मला स्वतःच्या लग्नात झाला नव्हता.

हनिमून म्हणून मी रवी-सुषमाला पद्मालयाच्या गणपतीला पाठवलं. सकाळच्या एसटीने गेले, संध्याकाळच्या एसटीने परत. खर्च कमी, पुण्य भरपूर!

आणि मग दोन-तीन महिन्यांनी प्रमोदचं लग्न झालं, आणि वसंतराव फोटोंचा अल्बम काखेत मारून माझ्या घरी आले.

"साडूभाऊ, हे पाहा. हे जहाज शे!" वसंतराव भरताचा घास तोंडात ठेवून त्यांच्या अहिराणी वळणात म्हणाले. "मुंबईहून निघतं, गोव्याकडून चार दिवस फिरवून परत आणतं. आतमध्ये पोहण्याचा तलाव शे."

"चारी बाजूंना समुद्र असताना तलाव कशाला?" मी म्हणालो.

"ते आपल्यासारख्याला कळणार नाही, भाऊ. मोठ्या लोकांचं असतं ते."

आपल्यासारख्याला! म्हणजे मला! फोटोत प्रमोद काळा चष्मा लावून कठड्याला टेकला होता. अकाउंट्समध्ये चार वेळा आपटलेला माणूस समुद्राच्या मालकासारखा उभा! आमची ही फोटो हातात धरून बसली ती सोडेचना. "किती निळं आहे हो," एवढंच म्हणाली. त्या दुपारी मी एका शेतकऱ्याशी केळीच्या भावावरून असा भांडलो, की तो हात जोडून म्हणाला, "शेठ, घड फुकट न्या, पण ओरडू नका."

दुसऱ्या दिवशी मी रवी-सुषमासाठी त्याच जहाजाची तिकिटं काढायला स्टेशन रोडवरच्या सहलीच्या एजंटाकडे गेलो. पोरगेलासा माणूस होता, मे महिन्यात टाय लावून बसलेला. मी त्याला घाम फुटेपर्यंत घासलं. (टायमुळे तो अर्धा आधीच फुटला होता.) शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "शेठ, ह्याहून स्वस्त एकच आहे. पण त्यात तिकीट रद्द केलं तर पैसा परत मिळत नाही."

"मी घेतलेली वस्तू कधी परत करत नाही," मी म्हणालो. "द्या!"

घरी येऊन आधी धुळ्याला फोन लावला, मग रवीला सांगितलं. क्रम महत्त्वाचा. वसंतराव "वा, वा" म्हणाले, पण त्यांचा आवाज थोडा बसला होता, असं मला वाटलं. (ही म्हणते, त्यांना सर्दी झाली होती.)

चार दिवसांनी टायवाल्याचा निरोप आला, की भेटून जा.

"शेठ, जहाज कंपनीचा एक नियम आहे. खोलीत निदान एक माणूस पंचवीस वर्षं पूर्ण झालेला पाहिजे. तुमचे चिरंजीव बावीसचे, सूनबाई वीसच्या. दोघं एकटे जाऊ शकत नाहीत."

"अहो, त्यांचं लग्न झालंय! सरकारला चालतं, भटजीला चालतं, तुमच्या जहाजाला का चालत नाही?"

"तरुण पोरं दंगा करतात, म्हणून नियम आहे."

"आमचा रवी? तो माझ्यासमोर शिंकतसुद्धा नाही!"

"नियम म्हणजे नियम."

हे वाक्य मला आयुष्यात पुष्कळांनी ऐकवलं आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाने शेवटी काहीतरी कमी केलेलं आहे. मी खुर्ची पुढे ओढली.

"हे पाहा. बावीस आणि वीस, झाले बेचाळीस. तुम्हाला पंचवीस पाहिजेत. सतरा वर्षं वर देतोय मी!"

"वयाची बेरीज करत नाहीत, शेठ."

"बरं. तुमचे पंचवीस, माझे बावीस. मधलं काढा. साडेतेवीसला सौदा."

"पण चिरंजीव साडेतेवीसचेही नाहीत."

"तेवढं मी पाहून घेईन!"

"शेठ, एक दिवससुद्धा कमी होणार नाही."

मी तीस वर्षं केळीच्या धंद्यात आहे. कच्चा माल आला तर वखारीत घालून पिकवता येतो. पण बावीसचं पोरगं पंधरा दिवसांत पंचवीसपर्यंत पिकवायला कोणत्या वखारीत घालायचं? आणि पैसे परत मागायला तोंड नव्हतं, कारण परत न मिळणारं तिकीट मीच हट्टाने घेतलं होतं!

टायवाल्याला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "खोलीत चार बर्थ आहेत. पालक बरोबर गेले तर काही अडचण नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाला अर्धं भाडं आहे."

"हनिमूनला पालक?" मी ओरडलो. मग जरा थांबून विचारलं, "अर्धं म्हणजे किती?"

घरी ही बातमी सांगितल्यावर रवी पांढरा पडला. सुषमा पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडते आहे असं मला वाटलं. (पुढे कळलं, की हसत होती.)

"काय म्हणावं तुम्हाला!" ही म्हणाली. "पोरांच्या मध्ये जाऊन झोपणार का? सोडून द्या तो नाद."

मी सोडलाही असता. खरंच सोडला असता. पण तेवढ्यात धुळ्याहून फोन आला. हिने बहिणीला सांगितलं असणार, दुसरं कोण!

"साडूभाऊ, काय फिकर करू नका, मी शे ना!" वसंतराव म्हणाले. "आमचा प्रमोद सत्तावीसचा शे. त्याला न् सूनबाईला तुमच्या पोरांसंगे पाठवून देतो. दोघं अर्ध्या भाड्यात जातील. त्याला जहाजाची बठ्ठी, सगळीच्या सगळी माहिती शे!"

म्हणजे नापास होऊन होऊन वाढवलेलं वय आता कामाला येणार! माझ्या पैशाने प्रमोद दुसऱ्यांदा समुद्रावर जाणार, आणि वरून माझ्या रवीचा पालक म्हणून मिरवणार!

"काही गरज नाही," मी म्हणालो. "मी स्वतः बावन्नचा आहे. म्हणजे पंचवीस दोनदा, वर दोन!" आणि फोन आपटला.

अशा रीतीने आम्ही चौघं हनिमूनला निघालो. हिने बरोबर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, ठेचा आणि लोणच्याची बरणी घेतली. बंदरावर पांढऱ्या कपड्यातल्या साहेबाने यादी पाहून विचारलं, "पालक कौन है?" मी छाती काढून पुढे झालो. मागे रवी जमिनीत जायला जागा शोधत होता.

खोली आमच्या ओसरीवरच्या फ्रिजपेक्षा थोडीच मोठी होती. खाली दोन बर्थ, वर दोन. मी पालक ह्या नात्याने व्यवस्था लावली. "बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. रवी, तू वर."

"आबा, आम्ही जरा बाहेर जाऊन येतो," रवी म्हणाला.

"सगळे मिळून जाऊ. नियम आहे."

"तो नियम खोलीपुरता आहे, आबा," सुषमा हळूच म्हणाली. लग्नानंतर ती माझ्याशी बोलली ते हे पहिलं पूर्ण वाक्य.

मी तिला उत्तर देणार, तोच जहाज हललं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला फारसं माहीतच नाही. मला बोट लागली. लागली म्हणजे अशी लागली, की माझ्या लग्नात सासऱ्यांनी घातलेल्या जेवणापासूनचं सगळं बाहेर आलं! मी आडवा झालो तो झालोच. एकदा डोळे उघडले तर हिच्या डोळ्यांवर रवीचा काळा चष्मा होता.

"अहो, मासे उड्या मारतायत! मोठे मोठे! येता का पाहायला?"

"मी मरतोय," मी म्हणालो.

"बरं, मग मी जाऊन येते," ती म्हणाली, आणि गेली!

दुसऱ्या दिवशी दुपारी सुषमाने जहाजाच्या डॉक्टरला बोलावून आणलं. रवी तिच्या मागे उभा होता, जसा मी एरवी हिच्या मागे उभा राहतो. डॉक्टरने माझी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि विचारलं, "इनके साथ कोई जिम्मेदार आदमी है? इनको अकेला नहीं छोड़ना है."

मी हात वर करायला गेलो. सवयीने. हात वर होईना.

"मैं हूँ ना," सुषमा म्हणाली.

"आप की उमर?"

"बीस."

डॉक्टरने तिच्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं.

"चलेगा," तो म्हणाला.

चलेगा! ज्या पंचवीसातला एक दिवस मी घसा सुकेपर्यंत ओरडून कमी करू शकलो नाही, तिथे कालच्या पोरीने एका शब्दात, चढ्या आवाजाशिवाय, वीसला सौदा पटवला! आजारी नसतो, तर उठून तिला केळीचे सौदे करायला बाजारात घेऊन गेलो असतो.

उरलेले दिवस त्यांनी पाळ्या लावल्या. एक जण माझ्या उशाशी, बाकी दोघे वर. म्हणजे हनिमूनला नवराबायको मिळून फिरायचे तेव्हा ही माझ्याजवळ, आणि सासूसून फिरायच्या तेव्हा रवी. तिघंही माझ्याशी फार प्रेमाने वागले. येताना तिघांचे चेहरे उन्हाने तांबूस झाले होते, आणि माझा हिरवट.

जळगावला पोहोचल्या पोहोचल्या हिने धुळ्याला फोन लावला, आणि अर्धा तास बहिणीला समुद्र सांगितला. तलाव सांगितला, बँडवाले सांगितले, चार वेळचं जेवण सांगितलं. कळण्याच्या भाकरी बँडवाल्याला कशा आवडल्या, तेही सांगितलं. मग रिसीव्हर माझ्या हातात आला.

"साडूभाऊ, तुम्ही काय काय पाहिलं?" वसंतरावांनी विचारलं.

"वरच्या बर्थची खालची बाजू," मी म्हणालो.

वसंतराव मनापासून म्हणाले, "अरे रे, भाऊ!" त्या माणसाच्या मनात खरोखरच वाईट काही नाही. म्हणून मी आता वसंतरावांवर जळणं सोडून दिलं आहे. आपल्याच घरात तिघं समुद्र पाहून आलेली बसली असताना, जळायला धुळ्यापर्यंत जायचं कशाला!