आत्याच्या धुरातला पारा

माझी आत्या शहराचा कचरा जाळणाऱ्या कारखान्यात धुरावर पहारा देते. कचरा जळताना त्यातला पारा धुरात मिसळतो. तो धुराड्यापर्यंत पोचायच्या आत आत्या धुरात कोळशाची बारीक भुकटी सोडते. भुकटी पाऱ्याला धरते आणि पुढच्या कापडी गाळणीत दोघंही अडकतात.

रोज घरी येते तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा काळा असतो आणि तोंडाचा पट्टा चालू. "पारा भरलेल्या ट्यूबलाइट कचऱ्यात टाकणाऱ्यांना धुराड्यालाच बांधीन!" ट्यूबलाइटवाले संपले की काकांची पाळी. काका म्हणजे तिचा नवरा, निवृत्त कंपाउंडर. घरात इकडची काडी तिकडे करत नाहीत.

काल कारखान्यात पाऱ्याचा काटा एकदम उसळला. अलार्म कोकलला. आत्याने भुकटी दुप्पट सोडून दहा मिनिटांत काटा खाली आणला. बाहेर काही म्हणजे काही जाऊ दिलं नाही! स्वारी लढाई जिंकल्याच्या थाटात जेवायला बसली.

"कुण्या शहाण्याने पाऱ्याचं अख्खं यंत्रच टाकलं असणार!"

काकांचा घास हातातच राहिला.

"ब्लडप्रेशरचं?" त्यांनी हळूच विचारलं. "परवा मी कपाट आवरलं ना... म्हटलं, तू खूश होशील."

 आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. काका पाणी आणायला लगबगीने उठले.

"बसा खाली!" आत्या डोळे पुसत ओरडली. "आजपासून इकडची काडी तिकडे करायची नाही!"