बायकोच्या पेटीतली भाऊबीज

माझी बायको चिक्कट होती असं सगळी भावकी म्हणायची. तेव्हा मी गप्प बसायचो. आता बसत नाही.

आमच्या घरात दिवाळीला साडी विकत आणायची पद्धत नव्हती. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला जो आहेर यायचा, तो ती पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या टाकून ठेवायची आणि सणाला नणंदा-भाच्यांना त्यातनंच द्यायची. एकीची दुसरीला, दुसरीची तिसरीला. कुणी दिलेली कुणाला जायची ते सगळं तिच्या डोक्यात. इतकी वर्षं एकदा चुकली नाही. मग ते डोकं घेऊन ती गेली.

गेल्या वर्षी दुखवट्यामुळं दिवाळी केलीच नाही. यंदा भाऊबीजेला धाकटी बहीण गडहिंग्लजहून येणार होती. पोरगा म्हणाला, "आण्णा, राजारामपुरीतल्या दुकानातनं चांगली साडी आणतो. आत्या काय म्हणेल?"

"काय बी म्हणू दे. तुझ्या आईनं पेटी भरून ठेवलीया. ती काय जाळायची?"

"जुनं झालं हो ते."

"घडी मोडली न्हाय अजून. जुनं कसलं?"

मी फाउंड्रीत भट्टीवर जन्म काढलेला, चौथी शिकलेला माणूस. साडीतलं मला काय कळतंय? पेटी उघडली. तो डांबरगोळ्यांचा वास आला. मग हाताला लागली ती जांभळी काढली.

बहिणीनं ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली. तिनं पदर उलगडला आणि थांबली. कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलेलं.

"दादा, ही मीच दिलती की वैनीला! माझ्या पोरीच्या लग्नात. घाईत माझंच बोट लागलं हुतं."

पोरानं माझ्याकडं बघितलं. सून आत निघून गेली.

"म्हणजे वैनी मला इतकी वर्षं दुसऱ्यांच्या साड्या देत हुती व्हय? आणि मी गावभर सांगत फिरलो, माझ्या वैनीसारखी पसंती कुणाची न्हाय म्हणून!"

चूक माझी, आणि बोल तिला. उलट बोलायला ती नव्हती. ते मला सोसलं नाही.

"व्हय, देत हुती," मी म्हणालो. "आणि तू नेसलीस. एक तरी फाटकी निघाली का? तुझी पोरगी दोन वर्षं इथं राहून कॉलेजला गेली. तिचं दूध, अंडं, बसचा पास कुठनं आलं? माझ्या भट्टीतनं? तिनं साड्यांचं वाचवलं त्यातनं."

"सणाच्या दिवशी पोरीचं कशाला काढतोस?"

"तू तुझ्या वैनीचं काढलंस म्हणून. दुसरी पायजे तर पेटी हाय, उठून घे. दुकानात मी जाणार न्हाय."

तिनं नाक पुसलं, तरातरा उठली आणि पेटीपुढं मांडी घालून बसली. एकेक घडी काढून निरखायला लागली.

"ही इचलकरंजीच्या मावशीची. तिच्या सुनंला देऊ नकोस, बोंब हुईल. ही तुझ्या व्याह्यांची."

"तुला कसं कळतंय?"

"आम्ही बायका लग्नात दुसरं काय बघतो? कागद आण."

ती सांगत गेली, मी वाकड्या अक्षरात चिठ्ठ्या लिहीत गेलो, ती टाचण्या लावत गेली. एका हिरव्या साडीवर तिचा हात थांबला.

"ही वैनीला लई आवडायची. नेसली मात्र न्हाय कधी."

"मग तीच घे."

"न्हाय. हिच्यावर लिही, कुणाला द्यायची न्हाय."

लिहिलं. अक्षर जरा जास्तच वाकडं आलं.

जाताना तिनं स्वतःसाठी एक पिवळी उचलली. तिच्याच जावेनं आमच्याकडं आहेर केलेली. "तिच्या म्होरं नेसूनच बसतो की," म्हणाली आणि पिशवीत कोंबली.

दिलेली साडी देणारीच्याच डोळ्यांपुढं जाणं, बायकोनं हे कधी होऊ दिलं नसतं. मी होऊ दिलं.